रात्रीच्या शहराचं तैलचित्र: एका घाणीवालीचं मत

आधी एक गोष्ट उघड सांगते, नाहीतर मागाहून कोणीतरी काढेलच. हे चित्र जिने काढलं ती पोरगी आमच्या घाणीवरून जवसाचं तेल नेते. म्हणजे चित्रातल्या रंगांत थोडंफार तेल आमचं आहे. पण चित्र मी पैसे मोजून घेतलं. फ्रेमसकट बावीस हजार. सूट मिळाली नाही आणि मी मागितलीही नाही. तेलाच्या भावात घासाघीस करणारं गिऱ्हाईक मला कसं वाटतं ते मला ठाऊक आहे. तेव्हा खाली जे बरं-वाईट लिहिलंय ते गिऱ्हाईक म्हणून.

चित्र आडवं आहे, ४० इंच रुंद आणि ३० इंच उंच, सुती कॅनव्हासवर ऑइल पेंट. विषय रात्रीचं शहर. पण बोट ठेवून ‘ही इमारत, हा चौक’ असं दाखवता येणार नाही. खालचा बराचसा भाग काळानिळा, त्यात सुरीने ओरबाडलेल्या उभ्या रेघा. काही रेघांतून खालचा तपकिरी थर उघडा पडलाय. मध्ये नारिंगी रंगाचे जाड थर, इतके जाड की बाजूने पाहिलं तर त्यांची सावली पडते. डावीकडे एकच हिरवट-पांढरा पट्टा वरून खाली आलाय आणि तळाशी ओल्या रस्त्यावर उजेड फाकावा तसा फाकलाय. उजव्या कोपऱ्यात लाल, त्याच्याबद्दल पुढे बोलते. वरती आभाळ.

आभाळापासूनच सुरू करते, कारण बावीस हजारांतले निम्मे मी आभाळाचे धरते.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात, धानाच्या बांध्यांच्या मध्ये. इथली अवसेची रात्र खरोखर काळी असते. शहराचं आभाळ काळं नसतंच कधी. खालच्या दिव्यांचा उजेड धुळीवर, धुरावर, दमट हवेवर पडून परत फिरतो आणि वर एक मळकट, तांबूस-जांभळट छत धरून राहतो. ढग असले की ते आणखी उजळ. उमरेड रस्त्याने रात्री नागपूरकडे जाताना शहराच्या आधी हे छत दिसतं. शहरात राहणाऱ्यांच्या ते लक्षात येत नाही, त्यांना रोजचंच आहे. बाजारात रात्रीच्या शहराची जी चित्रं मिळतात त्यांत आभाळ गडद निळं, त्यात चांदण्या, खाली ओळीने पिवळे चौकोन. असं शहर मी तरी कुठे पाहिलं नाही. या पोरीने एकही चांदणी घातली नाही. तिचं आभाळ मळकंच आहे, आणि ते मळकं ठेवायला हिंमत लागते, कारण विकायच्या चित्रात कोणीही ते स्वच्छ निळं करून टाकलं असतं.

नारिंगीबद्दल आमच्या गावच्या लाइनमनने जे सांगितलं ते मला कोणत्याही जाणकारापेक्षा जास्त पटलं. तो मीटर पाहायला आला होता. दारातूनच म्हणाला, “वयनी, हा सोडियमचा उजेड होय. एलईडी नाही हा.” बरोबर होतं. पूर्वी रस्त्यावर सोडियमचे दिवे असत. त्यांच्या उजेडात लाल लुगडं आणि हिरवं लुगडं सारखंच मातकट दिसायचं, कारण त्या दिव्यात पिवळ्या-नारिंगीशिवाय दुसरे रंग फारच कमी असतात. त्याच्याही आधीचे पाऱ्याच्या वाफेचे दिवे हिरवट-पांढरे. २०१५ मध्ये केंद्राची एलईडी पथदिव्यांची योजना सुरू झाली आणि गावोगाव, शहरोशहर रस्ते पांढरे झाले. म्हणजे चित्रातलं शहर आजचं नाही. नारिंगीचा एवढा गराडा आणि त्यात एकुलता एक हिरवट पट्टा, हे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं नागपूर आहे. पोरीला विचारलं तर म्हणाली, लहानपणी आजोळाहून रात्रीच्या गाडीने परत यायची, तेव्हाचं आहे. मला ती गाडी माहीत आहे. इतवारी-नागभीड छोटी लाइन. २०१९ मध्ये मोठ्या रुळांसाठी बंद झाली.

चित्र ‘समजत नाही’ अशी ज्यांची तक्रार आहे त्यांना मी लाइनमनचं उदाहरण देते. त्याला कोणी समजावलं नव्हतं. त्याला उजेड ओळखता येत होता, तेवढं पुरलं.

आता काळा. दुकानातला ट्यूबमधला काळा थेट फासला की तो मेलेला दिसतो, भिंतीला भोक पडल्यासारखा. इथे तो कुठेच नाही. भाजलेल्या अंबर मातीचा तपकिरी आणि अल्ट्रामरीन निळा मिसळून पोरीने काळा केलाय, काही ठिकाणी प्रशियन निळ्याचा हात दिलाय. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन आलं की तो तपकिरीकडे झुकतो, संध्याकाळी निळा होतो. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो लवकर सुकतो आणि त्याच्यावर दुसरा थर लवकर चढवता येतो. हाडं जाळून केलेला काळा याच्या उलट, सुकायला फार वेळ घेतो. म्हणजे ही निवड नुसती दिसण्यासाठी नाही, कामाच्या सोयीसाठीही आहे. मला असं कारागिराचं गणित दिसलं की बरं वाटतं.

तेलाबद्दल मात्र मी थोडी लांबण लावणार, तो माझा विषय आहे.

पोरीने पहिल्यांदा फोन केला तेव्हा पहिलाच प्रश्न, “काकू, तुमचं तेल गरम करून काढता की थंड?” भाजीसाठी तेल नेणारं गिऱ्हाईक असं विचारत नाही. आमची लाकडी घाणी आहे, मोटरवर फिरते, दाणे भाजत नाही. पूर्व विदर्भात जवस जुनाच. उभ्या धानात फेकून पेरतात, धान कापलं की त्याच ओलीवर तो वाढतो. चटणी सगळ्यांना माहीत आहे. तेल खाणारी घरं आता कमी राहिली, कारण वास उग्र आणि टिकत नाही. न टिकण्याचं जे कारण, तेच चित्रकाराला हवं असतं. शेंगदाण्याचं तेल तुम्ही भांड्यावर पुसून ठेवा, महिनाभरानेही बोटाला तेलच लागेल. जवसाचं तेल पिप्याच्या तोंडाशी सांडलं तर काही दिवसांनी तिथे चिवट पापुद्रा धरतो, सोडा लावून घासला तरी निघत नाही. ते उडून जात नाही; हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याचं वजन उलट वाढतं. माझ्या सासूबाई ज्या पापुद्र्याला आयुष्यभर शिव्या घालत आल्या त्याच्यावर युरोपातली शेकडो वर्षांची चित्रकला उभी आहे.

पोरगी तेल नेते, पाण्यात घुसळून धुते, गाळ बसू देते, मग एप्रिल-मे मध्ये गच्चीवर पसरट थाळीत उन्हात ठेवते, वर जाळी. रोज हलवावं लागतं, नाहीतर वर साय धरते. उन्हाने ते दाट आणि फिकट होतं, लवकर सुकायला लागतं. ब्रह्मपुरी-नागपूरकडचा पारा उन्हाळ्यात ४५ च्या वर जातो. त्या उन्हाचं कोणीतरी काहीतरी भलं केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. हार्डवेअरच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ म्हणून जे अळशीचं, म्हणजे जवसाचंच, तेल मिळतं ते वेगळं. त्यात लवकर सुकण्यासाठी धातूचे क्षार घातलेले असतात. ते दाराच्या चौकटीला ठीक, चित्रात काळवंडतं. खाण्यात तर अजिबात नको, हे सांगावं लागतं कारण एकाने मला ते स्वस्त पडतं का विचारलं होतं.

पांढऱ्या रंगात मात्र जवस नाही. जवसाचं तेल कालांतराने पिवळं पडतं, म्हणून पांढरे रंग बरेचदा करडईच्या तेलात घोटतात. तो हिरवट-पांढरा पट्टा करडईतला आहे. जवस, करडई आणि खाली कापसाचं कापड. महागडं लिनन घेतलं असतं तरी ते जवसाच्याच झाडाच्या काडीचं असतं, फक्त आपल्याकडे लावतात त्या जाती दाण्यासाठीच्या, बुटक्या. मी हिशेब केला तेव्हा आमच्या शेतशिवारात न उगवणारं त्या चित्रात रंगाची पूड आणि टर्पेंटाइन एवढंच उरलं.

आता दोष.

पहिला मला घरी आणल्याबरोबर दिसला. काळ्या भागात काही ठिकाणी चमक गेलीय, कोरडे डाग पडलेत. तिरपं पाहिलं की स्पष्ट दिसतात. खालच्या अस्तराने वरच्या रंगातलं तेल पिऊन घेतलं की असं होतं. मी तिला फोन करून सांगितलं, तेल कमी पडलं. ती हसली, पण नाही म्हणाली नाही. वॉर्निश लागल्यावर सगळं एकसारखं होईल म्हणते, आणि वॉर्निश लगेच लावता येत नाही. जाड थर आतून सुकायला सहा महिने ते वर्ष लागतं. ठीक आहे. पण ज्या किमतीत विकतो त्या किमतीत तेवढ्या भागावर पातळ तेलाचा हात फिरवून द्यायला हवा होता.

दुसरा, तो उजव्या कोपऱ्यातला लाल. गाडीच्या मागच्या दिव्याचा असावा. बाकी सगळं चित्र हळू बोलतंय आणि हा एकटा ओरडतोय. नजर सारखी तिकडेच जाते. माझ्या मुलीला तोच आवडतो, म्हणते त्याच्याशिवाय चित्र झोपलं असतं. आमचं यावर एकमत नाही आणि होणारही नाही. मी त्या बाजूला दाराचा पडदा थोडा पुढे घेते, पाहुणे नसले की.

तिसरा दोष फ्रेमचा. कॅनव्हास ज्या चौकटीवर ताणलाय तिच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतात, कापड ढिलं पडलं की हलकेच ठोकून ताण आणायचा. चारपैकी एक पाचर आलीच नव्हती. पहिल्या झडीच्या पावसात कापड त्याच कोपऱ्याशी झोल खाल्लं. सुताराकडून सागाची करून घेतली. बाहेरची सोनेरी पट्टी तर काढूनच टाकणार आहे. चित्र काळं-नारिंगी आणि भोवती लग्नाच्या हॉलसारखं सोनेरी, शोभत नाही.

सासूबाईंचं मत नोंदवायला हवं, नाहीतर घरात राहता येणार नाही. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, “काय वो बाई, भित्तीले डांबर फासलं का?” हे मी पोरीला सांगितलं तर तिने एक जुनी हकिकत ऐकवली. व्हिसलर नावाच्या चित्रकाराने १८७५ मध्ये लंडनच्या एका बागेतली रात्रीची आतषबाजी रंगवली, काळ्यावर सोनेरी ठिणग्या. रस्किन नावाच्या मोठ्या समीक्षकाने छापून टाकलं की हा माणूस लोकांच्या तोंडावर रंगाचा डबा फेकतो आणि वर दोनशे गिनी मागतो. व्हिसलरने दावा ठोकला. १८७८ मध्ये कोर्टात विचारलं गेलं, दोन दिवसांच्या कामाचे एवढे पैसे? तो म्हणाला, दोन दिवसांचे नाही, आयुष्यभर कमावलेल्या जाणतेपणाचे. दावा जिंकला, पण भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे तिकडची चिल्लरीतली चिल्लर, आणि कोर्टखर्चात बिचारा कंगाल झाला. ते चित्र आज अमेरिकेत डेट्रॉइटच्या संग्रहालयात आहे. दोन दिवसांचं उत्तर मी पाठ करून ठेवलंय. पिशवीतल्या तेलाचा भाव दाखवून ‘घाणीच्या तेलाला एवढे कायले?’ विचारणारे दररोज येतात.

सासूबाई आता डांबर म्हणत नाहीत. चहा घेताना त्याच खुर्चीत बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘हे नागपूर हाय’ असं सांगतात. कोणी नाही म्हटलं तर भांडतात.

अमूर्त चित्रं म्हणजे मुंबई-दिल्लीवाल्यांचं काम, असं आपल्याकडे धरून चालतात. पण अमूर्त चित्रांसाठी नावाजलेले वासुदेव गायतोंडे १९२४ मध्ये नागपुरात जन्मले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि २०१५ मध्ये त्यांचं एक चित्र मुंबईच्या लिलावात २९ कोटींच्या वर गेलं. चित्रकार सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातल्या जंगलपट्टीत वाढले आणि मुंबईला जाण्याआधी नागपूरच्याच कला शाळेत शिकले. आमच्या मुलांच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला यांतलं एकही नाव निघालं नाही. मोर, पणती आणि ‘माझे गाव’ एवढ्यावर दहावी झाली.

घेणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. वडशाला माझ्या नणंदेकडे ‘हाताने काढलेलं तैलचित्र’ म्हणून ऑनलाइन मागवलेलं एक रात्रीचं शहर आहे. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. मी जवळ जाऊन वास घेतला, तेलाचा मागमूस नाही. नवीन ऑइल पेंटला कित्येक महिने वास असतो. मग मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला. ब्रशचे उंचवटे होते, पण उंचवटा एकीकडे आणि रंगाची कड दुसरीकडे. म्हणजे कापडावर छापलेला फोटो आणि वरून पारदर्शक जेल फिरवलेली. नीट डोळा लावला तर छपाईचे बारीक ठिपकेही दिसले. छापील चित्र घ्यायला माझी हरकत नाही, छान दिसतं, पण छापील म्हणून आणि छापीलच्या भावात. तेव्हा वास, तिरपा उजेड आणि मागची बाजू, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. विकणारा मागच्या बाजूचा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच सोडा.

लावायचं कुठे, यावर आमच्याकडे बराच खल झाला. स्वयंपाकघर आणि घाणीची खोली बाद. तेलाचा वाफारा आणि धूळ चिकटते ती निघत नाही. देव्हाऱ्याची भिंत उदबत्तीमुळे बाद. पश्चिमेची भिंत पावसाळ्यात ओल धरते. शेवटी समोरच्या खोलीत आतल्या भिंतीवर, मागे हवा खेळावी म्हणून कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावून. अगदी अंधारातही ठेवू नये, जवसाचं तेल अंधारात जास्त पिवळं पडतं.

आणि दिवा. हे चित्र ट्यूबलाइटखाली पाहू नका. गावात घरोघरी जी पांढरीफेक एलईडी ट्यूब असते, डब्यावर ६५०० के (के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेली, तिच्या उजेडात नारिंगी विटकरी होतं आणि आभाळ सिमेंटचं. मी वॉर्म व्हाइटचा साधा ९ वॅटचा बल्ब आणला, ३००० के, आणि समोरून न मारता वरून तिरपा लावला, म्हणजे जाड रंगाची चकाकी डोळ्यांत येत नाही. चाळीस इंचांचं चित्र घेणाऱ्याने शे-दीडशे रुपये या बल्बचे धरावेतच. दुकानवाल्याने ही गोष्ट गिऱ्हाइकाला आपणहून सांगायला हवी. पोरीने मला सांगितली नाही, तीच तिची चूक मी सगळ्यात मोठी मानते.

पोचवण्याचं काम मात्र चोख. रंग ओला असल्याने समोरून प्लॅस्टिक टेकवलं नव्हतं. चारी बाजूंनी लाकडी पट्ट्या ठोकून वर पुठ्ठा, म्हणजे रंगाला काहीच शिवत नाही. आमचाच टेम्पो नागपूरला पिपे घेऊन गेला होता, येताना उभं बांधून आणलं. आडवं ठेवलं असतं तर कोणीतरी त्याच्यावर ढेपीचं पोतं टाकलं असतं, आमच्या पोरांची खात्री नाही.

निगा फार नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकायची. ओलं फडकं, साबण, बटाट्याचा काप असले उपाय कोणी सांगितले तर हो म्हणा आणि करू नका. घरी कोणी जवसाच्या तेलात रंगकाम करत असेल तर तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना त्या गरम होतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. आम्ही घाणीची गाळणं वापरल्यावर तारेवर पसरून वाळवतो, ढीग करत नाही.

बावीस हजार जास्त आहेत का? आमच्या भागातल्या घराला जास्तच आहेत, त्यात वाद नाही. पण रंगाच्या ट्यूबा, कापड, लाकूड आणि तिचे दिवस धरले तर मला भाव रास्त वाटला. तीच पोरगी १२ बाय १६ इंचांची लहान चित्रं पाच-सहा हजारांत देते आणि दोन हप्ते चालतात. माझं ऐकाल तर पहिलं चित्र लहानच घ्या, फक्त त्यात आभाळ किती आहे ते पाहून. ठरवतानाच दोन गोष्टी विचारून ठेवा: चारही पाचरी मिळणार का, आणि वर्षाने वॉर्निश लावायला ती येणार की चित्र आपण न्यायचं. माझ्याकडे ती येणार आहे, वॉर्निशचे वेगळे पैसे नाहीत, बसचं भाडं आमचं.